मेटल डिटेक्टरचा तुटलेला दांडा

वार शुक्रवार, सकाळी कामाची पाळी सुरू होण्याची वेळ. जागा कोलकात्यात सियालदहच्या बाजूला, घाऊक भाजीबाजाराच्या मागे, कुंपणालगतचा पडीक जमिनीचा पट्टा. हजर माणसे: नाला उकरणारी सहा मजुरांची टोळी, त्यांचा मुकादम आणि आमच्या दलाचे दोन जवान. एक बाई जागीच ठार, एका मजुराचा डोळा गेला. मी नोकरीत याहून मोठ्या घटना पाहिल्या, पण मनातून गेली नाही ती हीच.

मी तेव्हा केंद्राच्या एका पोलीस दलात निरीक्षक होतो आणि बदलीवर कोलकात्यात आलो होतो. पुढे स्वेच्छानिवृत्ती घेतली. मुलीची नोकरी न्यू टाउनमध्ये असल्याने आता तिथेच राहतो. दलाचे, ठाण्याचे किंवा कोणा माणसाचे नाव इथे लिहिणार नाही. त्याची गरजही नाही.

कुंपणाच्या आतली सरकारी मालमत्ता आमच्या ताब्यात आणि गुन्ह्याचा तपास स्थानिक पोलिसांकडे, अशी कामाची वाटणी होती. खबर मात्र ज्याच्यावर विश्वास त्याच्याकडे येते. बाजारातला एक हमाल मला खबर द्यायचा. चाळिशीचा, बुटका, मानेचे स्नायू दोरखंडासारखे. तो कधी सरळ फाटकावर येत नसे. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन आमच्या खानावळीच्या मागच्या दाराने यायचा आणि पाटी उतरवताना बोलायचा. त्याची बोली हिंदी आणि बांगला यांची मिसळ होती. मी ती मराठीत लिहितो.

मंगळवारी तो आला.

"आज काय आणलंस?" मी विचारले.

"आज आणलं नाही, सार. पेरणी झालीय ती सांगायला आलो. तुमच्या कुंपणाजवळ तीन डबे पेरलेत. तेवढं पाणी घालू नका म्हणजे झालं."

"कोणी पेरले?"

"दोघे होते. तीन आठवडे झाले, पहाटे मी ट्रक उतरवायला निघालो होतो. एकाच्या हातात फावडं, दुसरा डबे असे धरून, बाळाला धरावं तसे." त्याने हात छातीशी नेऊन दाखवले. "मोडक्या सिमेंटच्या खांबाच्या अलीकडे. आता तिथं नाला उकरणार असं ऐकलं, म्हणून आलो."

बाजूच्या वस्तीत भंगाराच्या धंद्यावरून दोन टोळ्यांचे भांडण चालू होते. पत्र्याच्या डब्यात स्फोटक दारू आणि खिळे भरून ते जमिनीत लपवून ठेवायचे, ही त्या टोळ्यांची रीत. पोलीस घरे तपासतात, रिकामी जमीन कोण तपासतो? मी खबर लेखी वर पाठवली आणि स्थानिक ठाण्यालाही कळवले. बुधवारी मला दुसऱ्या एका खटल्यात साक्षीला जायचे होते, म्हणून शोधमोहीम एका उपनिरीक्षकाच्या हाताखाली झाली. यंत्र चालवणारा जवान वाशीमकडचा होता. आमच्या तुकडीत माझ्याखेरीज मराठी बोलणारा तो एकटा. यंत्र चालवण्यात त्याचा हात चांगला होता, घाई करणारा नव्हता.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. दाराशी अंगावरून फिरवतात ते छोटे यंत्र निराळे. जमीन शोधायच्या यंत्राला कमरेएवढा लांब दांडा असतो. वर मूठ आणि डबी, खाली जेवणाच्या ताटाएवढी चकती. ती जमिनीलगत डावी-उजवी फिरवत पुढे जायचे. खाली धातू असला की कानातल्या यंत्रात आवाज येतो. दांड्याचा वरचा भाग अॅल्युमिनियमचा असतो, पण चकतीजवळचा हातभर भाग मुद्दाम प्लास्टिकसारख्या पदार्थाचा करतात, कारण चकतीजवळ धातू असला तर यंत्र त्यालाच धरून बसते.

बुधवारी पट्ट्यावर चुन्याच्या रेघा मारून शोध झाला. काहीही सापडले नाही. जमीन निर्धोक असल्याचा शेरा मारला गेला. गुरुवारी मजुरांच्या टोळीला काम सुरू करण्याची परवानगी मिळाली आणि शुक्रवारी त्यांच्यातल्या त्या बाईचे फावडे डब्यावर बसले.

मी पोचलो तेव्हा तिला चादरीने झाकले होते. तिची एक चप्पल कुंपणाच्या तारेत अडकली होती. मुकादम एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "कागद मिळाल्यावरच काम लावलं, साहेब, कागद मिळाल्यावरच." बॉम्बशोधक पथकाने दुसऱ्या यंत्राने तपासले, तर त्याच रेघेत आणखी दोन डबे निघाले. खबरीप्रमाणे तीन पूर्ण झाले.

स्थानिक ठाण्याच्या प्रमुखांना सगळे बोडोबाबू म्हणत. अनुभवी गृहस्थ. मी महाराष्ट्रातला म्हणून मला बर्गी साहेब म्हणायचे. मराठ्यांच्या स्वाऱ्यांची आठवण बंगाली माणूस अशी चेष्टेत ठेवतो. त्या दिवशी त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"बुधवारी जमीन साफ होती. तुमचाच शेरा आहे. म्हणजे डबे बुधवारनंतर पुरले. तीन डबे आणि ती जागा मंगळवारीच कोणाला माहीत होती, बर्गी साहेब?"

"माझ्या खबऱ्याला."

"मग झालं. आधी खबर द्यायची, मग माल पुरायचा, मग सापडला की बक्षीस घ्यायचं. मध्ये ती बाई मेली, एवढंच त्याच्या हिशेबात नव्हतं."

बोडोबाबूंचा तर्क कागदावर बिनचूक होता. अडचण तीच होती. दुपारी ऐन बाजारात ठाण्याच्या चौघा पोलिसांनी त्या हमालाला गाडीत घातले. ठाण्यात नेईपर्यंत बाजाराला कळले होते की हा पोलिसांचा माणूस. खुनाचा आरोप सुटतो किंवा लागतो. खबरी हा शिक्का पडला की त्याला जामीन नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या ठाण्यात गेलो. तो जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. ओठ फुटला होता. चौकशी बोडोबाबू करत होते. त्यांनी मला बसू दिले, ही त्यांची सज्जनता.

"बोल. डबे कुठून आणलेस?"

"बाबू, मी दीड मण ओझं डोक्यावर नेतो. बटाटे नेतो, कोबी नेतो. बॉम्ब न्यायला डोकं भाड्याने देत नाही."

"बुधवारी शोध चालू असताना तू पट्ट्याजवळच्या पुलावर उभा होतास. दोघांनी पाहिलंय."

"होतो."

"कशाला?"

"तीन डबे सांगितले होते. तीन निघतात का ते बघायला. कमी निघाले तर सार म्हणतील, मी खोटं बोललो." मग तो माझ्याकडे वळला. "सार, तुमचा तो पोरगा चकती घेऊन त्या जागेवरून दोनदा गेला. एकदा जाताना, एकदा येताना. मी मनात म्हणतोय, आता थांबेल, आता वाकेल. तो थांबलाच नाही."

बोडोबाबूंनी लिहिणाऱ्या हवालदाराकडे पाहिले. "लिहा. आरोपीला नेमकी जागा माहीत होती आणि तो लक्ष ठेवून होता."

एकाच वाक्यातून आम्ही दोघांनी दोन निराळ्या गोष्टी ऐकल्या. त्यांना त्यात कबुली दिसली. मला त्यात चकती दिसली. माणूस खोटे बोलतो तेव्हा स्वतःला वाचवणारे बोलतो. हा माणूस स्वतःला अडकवणारे सांगत होता आणि सांगताना त्याला खरेच नवल वाटत होते.

दुसऱ्या दिवशी मी बॉम्बशोधक पथकाकडून निकामी केलेले दोन डबे पाहून घेतले. बुडाशी गंज चढला होता. दोन-तीन दिवसांचा गंज असा नसतो. एका डब्यावरच्या सुतळीत गवताची केसासारखी पांढरी मुळे शिरली होती. मी बोडोबाबूंना फोन केला.

"गंजलेला डबा कोणीही भंगारातून आणेल," ते म्हणाले.

"आणि मुळं?"

"मुळांना न्यायालयात साक्षीला उभं करणार का?" मग ते म्हणाले, "वरून दबाव आहे, साहेब. तुमच्याकडे दुसरं काही असेल तर आणा. नुसता चांगुलपणा आणू नका."

मग मी उलट बाजूने विचार केला. डबे बुधवारी जमिनीत होते असे धरू. जवानाने काम टाळले का? नाही. चुन्याच्या रेघा सलग होत्या, लागलेला वेळ त्या पट्ट्याला पुरेसा होता आणि हमालानेच सांगितले की तो त्या जागेवरून दोनदा गेला. माणूस गेला, चकती गेली, आवाज आला नाही. मग राहते एक यंत्र.

मी शस्त्रागारात जाऊन ते यंत्र मागवले. वाशीमचा जवान ते घेऊन आला.

"चालू आहे?"

"चालू हाय, साहेब." त्याने रोजच्या रिवाजाप्रमाणे कुलपाची किल्ली फरशीवर टाकली आणि वरून चकती नेली. आवाज आला. आमच्याकडे सकाळची तपासणी म्हणजे एवढीच. किल्ली वाजली की यंत्र ठीक. वर्षानुवर्षे असेच चालत आले होते.

मी खानावळीतून दूध पावडरचा रिकामा डबा आणवला आणि आमच्याच आवारात, गुलाबाच्या वाफ्याशेजारी, मनगटभर खोल पुरला. वर माती दाबली. "आता फिरव."

त्याने फिरवले. काही नाही. परत फिरवले. काही नाही. शेजारच्या तुकडीचे तसलेच यंत्र आणले. ते पहिल्याच फेरीत वाजले.

मी त्याच्या हातून यंत्र घेतले. उचलताच हाताला कळले की खालची बाजू जड आहे. चकतीच्या वर दांड्याला वीतभर काळी टेप गुंडाळलेली होती. टेप सोडली. खाली प्लास्टिकचा दांडा उभा चिरलेला, त्यावर सायकलच्या दुकानातला लोखंडी पाइपचा तुकडा चढवलेला आणि दोन्ही टोकांना तार पिळून आवळलेली. पाइप ढिला होता. बोट लावले की हलत होता.

मी उपनिरीक्षकाला बोलावून रीतसर पंचनामा केला, यंत्र सीलबंद केले आणि मगच जवानाला खोलीत घेतले. चौकशीचा खरा प्रसंग या प्रकरणात हाच.

"बस."

"उभाच ठीक हाय, साहेब."

"पाइप कोणी बसवला?"

मी वाट पाहिली. गुन्हेगाराला दरडावून बोलते करता येते. आपल्याच माणसाशी असे करून चालत नाही. तो लगेच "होय साहेब" म्हणतो आणि खरे आतच राहते.

"पंधरा दिवसांमागं बांधावरून उतरत होतो," शेवटी तो म्हणाला. "पाय घसरला. काठीवानी टेकवलं यंत्र, तर खालून तडकलं. समदेच टेकवतात, साहेब. माह्याच हातात तडकलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं असतं तर चौकशी बसली असती. चौकशी सरंलोक रजा नाई."

हे बाहेरच्या माणसाला समजणार नाही, म्हणून सांगतो. आमच्या तुकडीत सरकारी वस्तू मोडली की चौकशी नेमली जाई आणि ज्याच्या हातून मोडली तो साक्षीला हजर हवा म्हणून चौकशी संपेपर्यंत त्याची रजा थांबे. चौकशी दोन महिनेही चाले. त्यामुळे बराकीत काही मोडले असे कोणी म्हणतच नसे. 'थोडं ढिलं झालंय' म्हणत आणि पदरचे पैसे घालून बाहेरून जोडून आणत. खुर्ची, सायकल, बूट यांना ते खपून जाते.

"रजा कशाला हवी होती?"

"मायच्या डोळ्याचं ऑपरेशन. दोनदा तारीख गेली, मीच पोचलो नाई म्हणून. तिच्यापाशी दुसरं कोणी नाई, साहेब."

"पाइप घातल्यावर यंत्र कसं चालायचं?"

"एकसारखं वाजायचं. पाऊल टाकलं की पाइप हाले, पाइप हालला की वाजे. काम कसं करावं? म्हणून आवाजाचं बटण..." तो थांबला.

"आवाजाचं?"

"नाई. पकडीचं. किती खोल पकडते ते. ते खाली आणलं. किल्ली तर वाजत होती, साहेब. दररोज वाजत होती. मले वाटलं, किल्ली वाजते म्हणजे डबा तर वाजंलच. डबा केवढा मोठा."

किल्ली फरशीवर होती आणि डबा मातीखाली. यंत्राला वस्तूच्या आकाराइतकेच मधले अंतरही मोजावे लागते. हे त्याला प्रशिक्षणात सांगितले होते. पण रोज सकाळी किल्ली वाजत राहिली की प्रशिक्षण विसरायला फार दिवस लागत नाहीत.

"त्या बाईचं वय काय होतं, साहेब?" त्याने विचारले.

मी सांगितले. तो खाली बसला. जबाब मी दोनदा वाचून दाखवला, मग त्याने सही केली.

तो जबाब, पंचनामा आणि शेजारच्या तुकडीच्या यंत्राची तुलना घेऊन मी बोडोबाबूंकडे गेलो. त्यांनी सगळे वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "आपल्या माणसाविरुद्ध कागद आणलात, बर्गी साहेब. असे कागद माझ्या टेबलावर फार येत नाहीत." हमालाने सांगितलेल्या वर्णनावरून त्यांनी फावडेवाल्याला उचलले, त्याच्याकडून दुसरा मिळाला. पुढचा खटला त्यांचा. हमाल त्यानंतरच्या आठवड्यात न्यायालयातून सुटला.

सुटून तो बाजारात गेला, तर त्याच्या जागी दुसरा माणूस ओझे उचलत होता. हमालांच्या सरदाराने त्याला सांगितले, "तुझ्या डोक्यावर आता कोणी पाटी ठेवणार नाही." रात्री खोलीच्या दाराला कोणी बाहेरून कडी लावली आणि फटीतून रॉकेल ओतले. काडी टाकली नाही, एवढेच. सकाळी तो बायकोला घेऊन दक्षिणेकडच्या आपल्या गावी गेला.

विभागीय चौकशीत जवानाची नोकरी गेली. नुसत्या किल्लीवर यंत्र पास करणाऱ्या उपनिरीक्षकाची वेतनवाढ थांबली. माझ्या अहवालात मी शेवटी एक परिच्छेद जोडला होता की रजा थांबवण्याचा रिवाज चालू राहिला तर पुढचा तुटलेला दांडाही टेपखालीच जाईल. तो परिच्छेद मान्य झाला. मोडतोड त्याच दिवशी सांगितली तर रजा अडवायची नाही, असा आदेश आमच्या तुकडीपुरता निघाला. पहिल्याच महिन्यात ज्या वस्तू 'मोडल्या' म्हणून पुढे आल्या त्या पाहून भांडारप्रमुख म्हणाला, "साहेब, आपण इतके दिवस भंगारावर पहारा करत होतो."

त्यानंतर ज्या ज्या ठिकाणी बदली झाली तिथे मी यंत्र चालवणाऱ्यांना स्वतः शिकवले. दांडा म्हणजे काठी नव्हे, त्यावर भार द्यायचा नाही. चकतीने झुडपे ढकलायची नाहीत, त्यासाठी बांबू घ्या. चकतीचा पेच हाताने आवळा, पक्कड लावली की आजच्या आज पेच बसतो तो चकतीचा कान तडकतो आणि उद्या दांडा. काम संपले की सांध्यातली माती पुसा आणि सुटे करूनच गाडीत ठेवा. आणि एवढे करून मैदानात तुटलाच, तर जिथे आहात तिथे चुन्याची खूण करून शोध थांबवा. परत आणण्यापुरता बांबूची कामटी आणि कापडाची पट्टी बांधा, लोखंड लावू नका, आणि ते यंत्र नवा दांडा येईपर्यंत कोणाच्या हातात देऊ नका. तपासणीला किल्ली नको. वाफ्यात डबा पुरा.

पण या प्रकरणाने मला शिकवले ते यंत्राबद्दल नव्हते. आम्ही पोलीस समजतो की माणूस शिक्षेला भितो. मी पाहिले की माणूस शिक्षेपेक्षा आपल्या नावापुढे काहीतरी लिहिले जाण्याला जास्त भितो, आणि ती भीती असली की प्रामाणिक माणूसही टेप गुंडाळतो.

चार महिन्यांनी खबरीबद्दलचे बक्षीस मंजूर झाले. पंधरा हजार. ते हातात देऊन पावती घ्यायची असते. पत्ता काढून मी साध्या कपड्यांत त्याच्या गावी गेलो. तो मालवाहू तीनचाकी सायकल ओढायला लागला होता. मला पाहताच त्याने आधी मागे, रस्त्याकडे पाहिले.

"एकटे आलात, सार?"

"एकटाच. तुझे पैसे आणलेत."

त्याची बायको दाराआडून म्हणाली, "घ्या ना. घरात दमडी नाही, आणि विचार कसला करता?"

"थांब गं." तो माझ्या हातातल्या पावतीकडे बघत होता. "यावर काय लिहिलंय?"

"माहिती दिल्याबद्दल बक्षीस."

"माझं नाव आहे?"

"नाव आहे. पण हा कागद कपाटाबाहेर जात नाही."

"तेव्हा माझं नाव कपाटाबाहेर गेलं होतं का, सार? तरी बाजाराला कळलं." त्याने पावती दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली. "नाव खोडून पैसे देता येतील?"

"नाही."

"मग नका देऊ. आणि सार, तुम्ही चांगले आहात, म्हणून सांगतो. परत येऊ नका."

त्याची बायको काहीतरी तीव्र बोलली. तो सायकलच्या साखळीला तेल घालत राहिला.

अखेरचा हिशेब असा. मृत बाईच्या नवऱ्याला मंजूर झालेली नुकसानभरपाई पूर्ण मिळाली, दोन हप्त्यांत. डोळा गेलेल्या मजुराला उपचाराचा खर्च आणि एकरकमी मदत मिळाली. खबऱ्याचे पंधरा हजार मी दुसऱ्या दिवशी सरकारी खात्यात परत भरले आणि भरणा केल्याची पावती माझ्या नावाने घेतली.